दहा दिवसांची युरोप टूर: रोमिंग पॅक, ई-सिम की तिकडचं सिम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं मे महिन्यात आई-बाबांना घेऊन दहा दिवसांच्या ग्रुप टूरला निघालंय. आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली, आणि जाताना-येताना दुबईत काही तासांचा थांबा. मुलाकडे आयफोन आहे, सुनेकडे सॅमसंग, बाबांकडे साधा अँड्रॉइड, आणि आईंचा फोन 'फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरता'. बाबांचे बँकेचे ओटीपी आले पाहिजेत, घरी राहिलेल्या नातवाशी व्हिडिओ कॉल झाला पाहिजे आणि परत आल्यावर बिल बघून चक्कर येता कामा नये. टूर कंपनी सिम देते म्हणतेय, मेहुणे ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच भरायचं सिम) घ्या म्हणतात, आणि सोसायटीतले काका सांगतात की हॉटेलच्या वाय-फायवर आरामात भागतं.

मी टूर मॅनेजर आहे, युरोपच्या ग्रुपसोबत जाते. विमानतळावरून बस निघाली आणि मी माईक हातात घेतला, की शहराबद्दल दोन शब्द बोलायच्या आत मागून हाक येते, "मॅडम, नेट लागत नाहीये." तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गाठ सोडवू. लोक ज्याला 'तिकडचं इंटरनेट' म्हणतात त्यात दोन वेगळी कामं असतात. एक, तुमचा भारतातला नंबर जिवंत ठेवणं, म्हणजे ओटीपी आणि बँकेचे एसएमएस येत राहतील. दुसरं, नकाशा, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटोंसाठी डेटा मिळवणं. ही दोन्ही कामं एकाच सिमने केली पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. बहुतेकांची फजिती होते ती पहिलं काम विसरल्यामुळे. स्वस्त डेटा मिळाला म्हणून भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवतात आणि मग कार्डावर काही भरायची वेळ आली की ओटीपी त्या पाकिटातल्या सिमवर जातो.

म्हणून भारतातलं सिम फोनमध्येच राहू दे. त्यावर निघण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग, म्हणजे परदेशातल्या नेटवर्कवर तुमचं सिम चालण्याची सोय, चालू करा. ते बंद असेल तर तुमचं सिम तिकडे नेटवर्कच पकडत नाही आणि मग एसएमएसही येत नाही. प्रीपेडला काही कंपन्या त्यासाठी रोमिंगचं छोटं रिचार्ज मागतात, ते करून टाका. नेहमीच्या रिचार्जची मुदत टूरच्या मधोमध संपत नाही ना, तेही बघा. ही गोष्ट इतकी साधी आहे की हमखास राहून जाते. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. आलेला कॉल उचलला तर मात्र मिनिटाला पडतात. मे महिन्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे आपल्याकडे सकाळी साडेनऊला कर्ज विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले की तिकडे पहाटेचे सहा वाजलेले असतात. झोपेत उचललेल्या त्या फोनचेही पैसे तुमच्याच खिशातून जातात. बाबांना हे दोनदा सांगा.

या सिमवर डेटा रोमिंग, म्हणजे परक्या नेटवर्कवरून इंटरनेट घेणं, बंद ठेवायचं. रोमिंग सेवा चालू आणि डेटा रोमिंग बंद, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीकडून चालू होते, दुसरी फोनच्या सेटिंगमध्ये असते. "मी रोमिंग बंद केलंय" असं कोणी म्हणालं, की मी पहिलं विचारते, "कुठलं?"

आता डेटा. रस्ते तीन: तुमच्याच कंपनीचा रोमिंग पॅक, प्रवासासाठी मिळणारं ई-सिम, किंवा तिथे उतरून घेतलेलं सिम. वाय-फायला मी चौथा रस्ता धरत नाही. हॉटेलचं वाय-फाय रात्री खोलीत फोटो चढवायला उत्तम आहे. पण नेटची खरी गरज पडते ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ग्रुपपासून मागे राहिल्यावर किंवा व्हेनिसच्या गल्ल्यांत चुकल्यावर, आणि तिथे हॉटेल नसतं. सार्वजनिक वाय-फायला जोडताना बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर कोड येतो, म्हणजे तिथेही भारतातलं सिम चालू लागतंच. काकांना नमस्कार सांगा.

तिकडचं सिम सगळ्यात स्वस्त पडतं हे ऐकीव शहाणपण अर्धं खरं आहे. थायलंड किंवा श्रीलंकेसारख्या एकाच देशात आठवडाभर राहायचं असेल, विमानतळावर काउंटर समोरच असेल आणि घाई नसेल, तर जरूर घ्या. पासपोर्ट दाखवायचा, काउंटरवरची मुलगी सिम घालून चालू करूनच हातात देते. पण तुमची ग्रुप टूर आहे. पॅरिसच्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर येईतो बस उभी असते, चाळीस माणसं एका सिमसाठी थांबत नाहीत, आणि विमानतळावरचा भाव शहरातल्या दुकानापेक्षा चढा असतो. शिवाय तुमच्या मार्गात स्वित्झर्लंड आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून नियम असा आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालावं, वाजवी वापराच्या मर्यादेत. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन हे संघात नसलेले देशही त्या व्यवस्थेत आहेत. म्हणून फ्रान्सचं सिम इटलीत निमूट चालतं. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही. आपल्याला व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, एकच लागतो, त्यामुळे सगळा युरोप एकच असा समज होतो. पण व्हिसाची हद्द वेगळी आणि मोबाइलची वेगळी. गंमत बघा, स्वित्झर्लंडला चिकटलेल्या लिश्टेनस्टाइनमध्ये, म्हणजे टूरची बस वाडुझला तासभर थांबते तिथे, फ्रान्सचं सिम नियमात बसतं. ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडून अलीकडे आलात की बसत नाही. टूरमध्ये लंडन असेल तर ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून, तिथलंही वेगळं बघावं लागतं.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो, तो शाफहाउजनजवळच्या ऱ्हाइन धबधब्यावर दिसतो. जर्मनीची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. फोन कधी स्विस नेटवर्क पकडतो, कधी जर्मन. बस पार्किंगला लागते आणि चाळीस फोन एकदम वाजतात: स्वित्झर्लंडमध्ये स्वागत, मग जर्मनीत स्वागत, पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये. ज्यांच्याकडे दोन्ही देश असलेला पॅक आहे ते धबधब्याचे फोटो काढत असतात. ज्यांच्या सिममध्ये फक्त युरोपीय संघ आहे त्यांचं नेट एकतर थांबतं, नाहीतर सिममधली शिल्लक पाच मिनिटांत साफ होते, कारण फोन मागे गुपचूप व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ उतरवत असतो. तेव्हा पॅक कोणताही घ्या, 'युरोप' या शब्दावर जाऊ नका. देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंड हे नाव डोळ्यांनी वाचा. फ्रान्समधल्या काही कंपन्या पर्यटकांच्या सिममध्ये स्वित्झर्लंड देतातही, पण देतात असं गृहीत धरू नका.

ई-सिम म्हणजे फोनच्या आत आधीच बसवलेली चिप. तिच्यात क्यूआर कोड स्कॅन करून एखाद्या कंपनीचं सिम 'भरता' येतं. आयफोनमध्ये ही सोय २०१८च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलपासून आहे. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनना असते, स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनना नसते. शोधायला सोपं: फोनच्या डायलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जोडीला ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर ई-सिम आहे. सूनबाईंचा सॅमसंग कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे करून बघा. आणखी एक: फोन अमेरिकेहून भावाने पाठवलेला असेल तर तो तिथल्या कंपनीला 'लॉक' नाही ना, याची खात्री करा. लॉक असेल तर दुसरं कोणतंच सिम त्यात चालणार नाही. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलना सिमचा ट्रेच नाही. अशा फोनवर भारतातला नंबरही ई-सिमवरच आणावा लागतो, आणि ते काम निघण्याच्या आदल्या रात्री करायचं नसतं.

तसं नसेल तर भारतातला नंबर कार्डाच्या सिमवरच राहू द्या आणि प्रवासाचा डेटा ई-सिमवर घ्या. कार्डाचं सिम दुसऱ्या फोनमध्ये काढून घालता येतं. तिकडे फोन पडून फुटला तर ती सोय सोन्यासारखी असते. "तुमचं सिम ई-सिममध्ये बदलून देतो, आलेला कोड सांगा" असा फोन आला तर सरळ कापा. तुमचा नंबर पळवून बँक खातं साफ करायची ती जुनी युक्ती आहे.

ई-सिम कुठून घ्यावं? परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. याच कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन लोकप्रिय अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून हटवली गेली होती. परवानगी असलेला विक्रेता पासपोर्टची, व्हिसाची, तिकिटाची प्रत मागतो. मागितली तर कुरकुरू नका, ते चांगलंच लक्षण आहे. घेतलं की घरच्या वाय-फायवर, निघायच्या दोन-तीन दिवस आधी फोनमध्ये भरून ठेवा. ई-सिम भरायलाच इंटरनेट लागतं, त्यामुळे पॅरिसला उतरून भरू म्हणणाऱ्याची पंचाईत होते. तुर्कस्तानात तर २०२५ मध्ये अशा कित्येक कंपन्यांची संकेतस्थळंच बंद केली गेली. म्हणजे तिथे पोचल्यावर विकत घ्यायचीही सोय राहिली नाही. बहुतेक ई-सिमची मुदत तिकडचं नेटवर्क पकडल्यावर सुरू होते, पण काहींची विकत घेतल्या क्षणापासून. घेण्याआधी तेवढं वाचा. आणि नेट लागत नाही म्हणून वैतागून ई-सिम डिलीट करू नका, क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कोणता पॅक घेतला यावर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त फोनच्या चार सेटिंगवर असतं. नव्वद टक्के तक्रारी मी बसच्या सीटमधल्या वाटेत उभी राहून सेटिंग बदलूनच मिटवते.

आयफोन घ्या. सेटिंग्जमध्ये मोबाइल सर्व्हिस उघडलं की दोन ओळी दिसतात, एक भारतातलं सिम, एक ई-सिम. मोबाइल डेटा ई-सिमवर ठेवायचा. ई-सिमच्या ओळीत डेटा रोमिंग *चालू* करायचं आणि भारतातल्या सिमच्या ओळीत *बंद*. इथे लोक अडतात, कारण 'परदेशात डेटा रोमिंग बंद ठेवा' हे वाक्य सगळ्यांनी इतकं ऐकलेलं असतं की ते दोन्हीकडे बंद करतात. प्रवासाचं ई-सिम तिथल्या नेटवर्कवर पाहुणंच असतं, त्यामुळे रोमिंग चालू केल्याशिवाय ते हलत नाही. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, ते तुम्ही आधीच भरलेले असतात. 'मोबाइल डेटा'ची ओळ उघडली की आत 'अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग' नावाचं बटण असतं, ते बंद करा. सॅमसंगमध्ये सिम मॅनेजरमध्ये त्याला 'ऑटो डेटा स्विचिंग' म्हणतात. ते चालू राहिलं तर ई-सिमची रेंज गेली की फोन स्वतःच्या बुद्धीने भारतातल्या सिमकडे वळायला बघतो. स्वित्झर्लंडमधून इटलीकडे जाताना लागणारा गोथार्डचा रस्त्याचा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटरचा आहे. असले प्रयोग करायला फोनला भरपूर वेळ मिळतो.

एका ग्रुपमधल्या काकांनी पॅरिसमध्ये फ्रान्सचं सिम घेतलं होतं. तीन दिवस झकास चाललं. मिलानमध्ये कॅथेड्रलसमोर उतरलो आणि नेट गायब. काका दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. फोन हातात घेतला तर डेटा रोमिंग बंद. फ्रान्समध्ये ते सिम घरचं होतं, त्यामुळे रोमिंगची गरजच नव्हती, आणि इटलीत शिरल्याबरोबर तेच सिम पाहुणं झालं. बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात काकूंचा व्हिडिओ कॉल लागला. उद्धार थांबला. तुमच्यापैकी कोणी तिकडचं सिम घेतलंच तर एवढं ध्यानात ठेवा.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक बारीक गोष्ट. नवीन सिम घातलं की आयमेसेज आणि फेसटाइम पुन्हा चालू होण्यासाठी फोन तुमच्या नकळत एक परदेशी एसएमएस पाठवतो, त्याचे पैसे भारतातल्या नंबरवर पडू शकतात. प्रवासापुरते दोन्ही बंद ठेवले तरी काही अडत नाही. आणि नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर नाही म्हणा. जुन्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप आहे तसं चालत राहतं.

रोमिंग पॅकबद्दल लोकांचं मत बरंच वाईट आहे, माझं तितकं नाही. पूर्वी पॅक न घेता डेटा चालू राहिला म्हणून लोकांना हजारोंची बिलं आली, ती धास्ती अजून मनात आहे. आता जिओ, एअरटेल, व्हीआय सगळ्यांचे पॅक आहेत. ते ई-सिमपेक्षा महाग पडतात, पण त्यात कॉलची मिनिटं येतात, नंबर तोच राहतो आणि फोनला हात लावावा लागत नाही. दर सारखे बदलतात, म्हणून आकडे इथे देत नाही, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवशीचे बघा. पॅक निवडताना देशांची यादी बघा. काही पॅक त्या देशातल्या ठरावीक नेटवर्कवरच लागू असतात, तसं असेल तर त्या नेटवर्कचं नाव टिपून ठेवा आणि फोनने भलतंच पकडलं तर हाताने निवडा. दिवस कसे मोजतात तेही बघा: चोवीस तास, की कॅलेंडरचा दिवस, आणि तो कुठल्या घड्याळाचा?

तुमच्या दुबईच्या थांब्याचा संबंध इथे येतो. पॅकच्या यादीत संयुक्त अरब अमिरातीही असेल आणि पॅक पहिल्या वापराला सुरू होणारा असेल, तर दुबईत दोन मिनिटं फोन चालू केलात की दहा दिवसांची मोजणी तिथेच सुरू होते आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी पॅक संपतो. यादीत नसेल तर तिथे भारतातल्या सिमवर डेटा चालू करणं म्हणजे आ बैल मला मार. दोन्ही परिस्थितींत उपाय एकच: दुबईत फ्लाइट मोड, आणि विमानतळाचं वाय-फाय. त्या वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जाईल, पण कॉल बहुधा लागणार नाही, कारण तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल अडवलेले असतात. नातवाला आधीच सांगून ठेवा की मेसेज येईल, फोन नाही. विमानात तर फ्लाइट मोड असतोच. क्रूझवर मात्र लोक विसरतात, जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं आणि ते नेहमीच्या पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं.

रोमिंग पॅकचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. भारतातलं सिम परदेशात वापरता तेव्हा तुमचा डेटा तिथल्या टॉवरवरून उचलून बहुतेक वेळा आधी भारतात तुमच्या कंपनीकडे नेला जातो आणि तिथून इंटरनेटवर सोडला जातो. त्यामुळे नेट जरा संथ वाटतं, पण समोरच्या संकेतस्थळाला तुम्ही भारतातच बसलेले दिसता. बँकेचं अ‍ॅप आणि परदेशातून न उघडणारी सरकारी संकेतस्थळं मग नीट उघडतात. चीनमध्ये स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वाय-फायवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असतात, तरी भारताच्या रोमिंगवर चालतात, त्याचं कारण हेच. प्रवासाच्या ई-सिमचा डेटा असाच कुठल्यातरी तिसऱ्या देशातून बाहेर पडतो. मग पॅरिसमध्ये बसून बँकेचं अ‍ॅप उघडायला गेलात की त्याला तुम्ही हाँगकाँगला किंवा पोलंडला दिसता आणि ते संशय घेतं. असं झालं तर ई-सिमवाल्याने बाबांच्या पॅकच्या हॉटस्पॉटवर (त्यांच्या फोनचं नेट वाय-फायसारखं घेऊन) येऊन ते काम उरकावं.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. बाबांना त्यांच्याच नंबरवर रोमिंग पॅक घ्या, कॉलची मिनिटं असलेला. ओटीपी, फोन, नेट सगळं एकाच ठिकाणी, आणि त्यांना काही शिकायला नको. त्यांच्या सिमवर डेटा रोमिंग चालू ठेवायचं, वर सांगितलेला नियम त्यांना लागू नाही. तुम्ही आणि सूनबाई ई-सिम घ्या, स्वित्झर्लंड असलेलं. आईंचा फोन बाबांच्या हॉटस्पॉटवर चालेल असं सगळे म्हणतात, पण मला ते पटत नाही. चुकामूक होते तेव्हा नेमकी त्या दोघांचीच एकमेकांपासून होते. आईंच्या फोनला सिमचे दोन कप्पे असतील तर परवानगी असलेल्या विक्रेत्याकडचं डेटाचं साधं सिम कार्ड इथूनच घ्या आणि दुसऱ्या कप्प्यात घाला. त्या कप्प्यात मेमरी कार्ड बसलेलं नाही ना ते आधी उघडून बघा. आणि माझ्यासारख्या टूर मॅनेजरच्या नंबरवर लाइव्ह लोकेशन कसं पाठवायचं ते आईंना घरीच, तुम्ही शेजारच्या खोलीत बसून, दोनदा करायला लावा.

डेटा किती लागतो? नकाशा आणि मेसेजला अगदी थोडा. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस कॉल अर्ध्या तासाला साधारण पंधरा-वीस एमबी, व्हिडिओ कॉल दीड-दोनशे किंवा जास्त. रोजचा अर्धा ते एक जीबी माणशी पुरतो. खाणारा राक्षस वेगळाच असतो. स्वित्झर्लंडच्या टिटलिस डोंगरावर बर्फात काढलेला एक मिनिटाचा फोर-के व्हिडिओ आयफोनवर सुमारे १७० एमबीचा होतो. असे दहा मिनिटांचे व्हिडिओ काढले आणि आयक्लाउड किंवा गूगल फोटोज मोबाइल डेटावर बॅकअप घेत असेल, तर केबल कार खाली यायच्या आत जवळजवळ पावणेदोन जीबी उडतात. बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. अ‍ॅपचे अपडेटही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया आपोआप उतरणं पूर्ण बंद करा. अँड्रॉइडवर 'रोमिंगमध्ये असताना' असा वेगळा पर्याय असतो, तो बंद केला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिकडचं स्थानिक सिम घातलं तर फोनच्या लेखी तुम्ही रोमिंगवर नसताच. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात मग तुमच्या खर्चाने पॅरिसला पोचतात.

'अनलिमिटेड' हा शब्द दिसला की बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा रोजची एक मर्यादा असते आणि ती संपली की वेग इतका पडतो की नकाशासुद्धा कष्टाने उमटतो. काही अनलिमिटेड योजनांत हॉटस्पॉट देता येत नाही.

नेट पूर्ण गेलं तरी जीपीएस चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. म्हणून पॅरिस, ल्युसर्न, मिलान, व्हेनिस हे भाग गूगल मॅप्समध्ये आधीच उतरवून ठेवा. मात्र इंटरनेट नसताना गूगल फक्त गाडीचा रस्ता दाखवतं, चालायचा दाखवत नाही. व्हेनिसमध्ये गाडीचा रस्ता घेऊन काय करणार? तिथे ऑर्गॅनिक मॅप्ससारखं अ‍ॅप बरं, ते चालायचा रस्ताही नेटशिवाय काढतं. गूगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच आणि इटालियन उतरवून ठेवा, मेन्यूवर कॅमेरा धरून 'यात मांस आहे का' ते कळतं. आमच्या ग्रुपमधल्या शाकाहारी मंडळींचा त्याच्यावर फार जीव.

यूपीआयची गंमत करायची असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरचं तिकीट त्याने काढता येतं. पण ग्रुप टूरमध्ये ते तिकीट आधीच काढलेलं असतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. यूपीआयचं अ‍ॅप त्या फोनमधल्या भारतातल्या सिमशी बांधलेलं असतं. सिम काढलंत किंवा फोन बदललात तर ते पुन्हा नोंदणी मागतं आणि त्यासाठी भारतातल्या नंबरवरून एसएमएस पाठवावा लागतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. डेटा संपल्यावर ई-सिमला टॉप-अप करायचं तर कार्ड लागतं, कार्डाला ओटीपी आणि ओटीपीला तेच सिम.

टूर कंपनी देत असलेल्या सिमबद्दल: घेण्यात वावगं काही नाही, पण चार प्रश्न विचारा. कोणत्या देशांत चालतं आणि त्यात स्वित्झर्लंड आहे का, रोजचा डेटा किती, हॉटस्पॉट देता येतो का, आणि बिघडलं तर तिकडे रात्री नऊला कोणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर स्वतःचं स्वतः घ्या.

मुंबईत उतरलात की टॅक्सी बोलवायच्या आधी मोबाइल डेटा परत भारतातल्या सिमवर आणा, तो अजून ई-सिमवरच असतो. बाबांच्या फोनवर डेटा रोमिंग बंद करा. ई-सिमच्या खात्यात कार्ड साठवलेलं असेल आणि आपोआप नूतनीकरण चालू असेल तर ते त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा कापले जातात. ई-सिम मात्र लगेच पुसू नका. त्याच कंपनीकडून पुढच्या वेळी डेटा भरता येत असेल तर ते नुसतं बंद करून ठेवलं तरी चालतं.